मूल 27 ला की 35 ला? मी आणि माझी जाऊ

गेल्या महिनाभरात दोन मैत्रिणींनी हेच विचारलं की प्रमोशन तोंडावर आहे, थांबू का, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझा मुलगा 2015 चा, मी तेव्हा 27, धाकट्या जावेची मुलगी 2023 ची, ती 35. दोघी पुण्यात आयटीतच.

सुट्टीची तुलना सरळ होत नाही कारण मधे कायदाच बदलला. मला 12 आठवडे, दूध तुटलेलं नसताना हिंजवडीच्या बसमध्ये. तिला 26 आठवडे पगारी, 2017 पासून पहिल्या दोन मुलांना तेवढे मिळतात, तिसऱ्याला अजूनही 12. फक्त डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच कंपनीत 80 दिवस भरलेले लागतात, तेव्हा नोकरी बदलायची असेल तर आधी कॅलेंडर काढा. प्रायव्हेटमधल्या बापाला कायद्याने शून्य दिवस. केंद्र सरकारात असेल तर 15.

करिअरमध्ये जाऊ जिंकली, यात वादच नाही. मी ज्युनियर होते, परत आले तर प्रोजेक्ट दुसऱ्याकडे, दोन महिने बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टशिवाय नुसती बसून), अप्रेझल गेलं, आणि खरं नुकसान त्या वर्षाचं नाहीच, पुढची प्रत्येक वाढ त्या कमी पगारावर लागत राहिली. डेन्मार्कसारख्या सोयीसुविधांच्या देशातही पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत सुमारे 20 टक्के मागे पडते आणि तशीच मागे राहते, तेव्हा हे तुमचं आळशीपण वगैरे नाही. जाऊ मॅनेजर होती, तिची खुर्ची राहिली, घरून काम मिळालं, दिवसभराची बाई परवडली.

पण तिथपर्यंत पोचायला तिला दीड वर्ष ट्रीटमेंट लागली. पोटावर इंजेक्शनं, सकाळी सोनोग्राफी, आणि ऑफिसात रोज नवीन खोटं कारण. बॉसला काय सांगणार? मला काहीच करावं लागलं नव्हतं. (एग फ्रीझिंग, म्हणजे स्त्रीबीजं गोठवून ठेवणं, हल्ली बऱ्याच जणी करतात, पण त्यात गॅरंटी नसते आणि करायचंच तर 35 च्या आत केलेलं बरं.)

आणि सासूबाई! माझ्या वेळी 58 च्या, मालिश, धुरी, डिंकाचे लाडू सगळं एकटीने, वर मला सहाला झोपायला पाठवायच्या. जावेच्या वेळी त्याच 66 च्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, म्हणजे बाळ आणि आजी दोघींना उचलायला माणूस हवं.

म्हणून जिची आई पुढच्या वर्षी रिटायर होतेय तिला मी म्हटलं आत्ताच. दुसरीचं कोणीच जवळ नाही, तिला म्हटलं आधी प्रमोशन घे, पण डॉक्टरांकडे यावर्षीच जाऊन ये.

आणि पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर बापाचा टाका. जावेने दिराचाच टाकलाय, तरी ताप आला की तिथल्या ताई फोन हिलाच करतात.