पाठीसाठी आकडा घ्यावा की मोज्यातले चेंडू?

स्वतःची पाठ स्वतःच रगडायची म्हटलं, की तीन गोष्टी समोर येतात: आकड्यासारखा वाकवलेला दांडा, भिंतीशी धरायचे चेंडू आणि मसाज गन, म्हणजे स्नायूंवर धडधड ठोके देणारं हातातलं यंत्र. तिन्ही मी वापरल्या आहेत. लिहितोय ते मुख्यतः बसून काम करून दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, मध्ये स्नायूत ज्यांना गाठ धरते त्यांच्यासाठी. कमरेत उसण भरणं हा वेगळा विषय.

गन लगेच बाजूला ठेवतो. पोटऱ्या, मांड्यांना ती छानच, पण फऱ्यांच्या मध्ये न्यायची तर किलोभराचं यंत्र हात मागे पिळून धरावं लागतं. धरणारं दुसरं कोणी असेल तर जरूर घ्या.

आकड्याचा मोठा गुण म्हणजे नेमकेपणा. टोकाची गोटी बोराएवढी जागाही बरोबर शोधून काढते. त्यामागे साधी तरफ आहे: वरच्या हाताचा टेकू द्यायचा, खालच्या हाताने दांडा पुढे ढकलायचा, की गोटी पाठीत रुतते. खालचा भाग जितका लांब, तितका जोर कमी लागतो. म्हणून आखूड आकडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरी पीव्हीसी पाइपमध्ये वाळू भरून, तापवून तो वाकवता येतो, पण पाइप लवचीक असतो. आपला निम्मा जोर त्याला वाकवण्यातच जातो. दांडा कडकच हवा.

तरीही आकडा माझ्याकडून मागे पडला तो एका कारणामुळे. गाठ सैल व्हायला एकाच जागी अर्धा-एक मिनिट तरी सारखा दाब लागतो, आणि तेवढ्यात माझ्या हाताला रग लागते. रग लागली की दाब डळमळतो, खांदा नकळत वर चढतो. फऱ्याला धरून ठेवणारे स्नायू हात ओढू लागला की आपोआप ताठ होतात, आणि गाठ नेमकी त्यांच्यातच असते. ज्याला सैल करायचं त्यालाच कामाला जुंपायचं, हे मला फार खटकलं. दणकट खांद्याच्या माणसाला कदाचित एवढं जाणवणार नाही. पण पाठ धरलेल्या माणसाचे खांदे बहुधा आधीच थकलेले असतात.

चेंडूंच्या बाबतीत जोर लावतं ते अंगाचं वजन. भिंतीला पाठ टेकायची, पाय थोडे पुढे घ्यायचे. पाय भिंतीपासून जितके लांब, तितका दाब जास्त. हात मोकळे राहतात, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. दुखऱ्या बाजूचा हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर ठेवला, की फरा मणक्यापासून दूर सरकतो आणि त्याखाली दडलेला भाग चेंडूसमोर येतो. आकडा धरून हे करता येत नाही, कारण दोन्ही हात त्यातच अडकलेले असतात.

चेंडू निसटून पडतो ही तक्रार खरी आहे. त्यावर फुटबॉलचा लांब मोजा कामी येतो. दोन चेंडू आत घालायचे, मध्ये गाठ मारून मणक्यापुरती दोन बोटं जागा सोडायची, उरलेला मोजा खांद्यावरून पुढे घेऊन सैल धरायचा. चेंडू हव्या त्या उंचीवर राहतो. सुरुवात टेनिसच्या चेंडूने करावी. तो साधारण साडेसहा सेंटिमीटरचा असतो, थोडा दबतो, आणि त्याची लव भिंतीला धरून राहते. लॅक्रॉस या खेळाचा भरीव रबराचा चेंडू नंतर. क्रिकेटचा सीझन बॉल नको, त्याची शिवण टोचते. जमिनीवर आडवं होऊनही सुरुवात करू नये, वजन एकदम येतं.

चेंडू जिथे हरतात ती जागाही सांगायला हवी. खांद्याचा वरचा भाग, जिथे पिशवीचा पट्टा येतो, तिथे दाब वरून खाली हवा असतो. भिंत तो देऊ शकत नाही, आकडा उत्तम देतो. तुमची तक्रार तेवढीच असेल तर आकडाच घ्या. ऑफिसात खुर्चीवर बसून वापरायचं असेल तरीही.

दोन्हींनी फरक पडला नाही तर जोर वाढवू नये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंतल्या गाठींची दुखणी दूर कुठे उमटतात याचा बारकाईने अभ्यास केला होता. फऱ्याजवळची कळ मानेच्या बाजूच्या स्नायूंतूनही येते, आणि तिथे ही साधनं लावायची नसतात. हाताला मुंग्या येत असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मणक्यावर आणि बरगड्यांखाली मूत्रपिंडाच्या जागी कशानेच दाबू नका.

बाकीच्यांनी मला वाटतं आधी मोजा आणि दोन चेंडू घ्यावेत. महिनाभराने खांद्याचा वरचा भाग तेवढा कुरकुरत राहिला, तर आकड्याला पैसे घाला, आणि तो दुकानात पाठीला लावून, दांडा वाकत नाही ना हे बघूनच.