विकतचा अँटीव्हायरस काढला त्याला अकरा महिने झाले

घरच्या कॉम्प्युटरवर आठ वर्षं विकतचा अँटीव्हायरस होता. मुदत संपत आली की पैसे भरायचे आणि वर्षभर विसरून जायचं, असं चाललं होतं. गेल्या वर्षी मुदत संपायला पंधरा दिवस उरले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात खिडक्या यायला लागल्या. मग त्या मधोमध यायला लागल्या. शेवटच्या दोन दिवसांत तर लाल रंगाचा आख्खा पडदाच समोर यायचा. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना तो आला आणि उत्तर लिहायची चौकट त्याच्यामागे गेली. तिला घाम फुटला. तिचा पेपर संपल्यावर मी बसले आणि ठरवलं, की पैसे भरायच्या आधी आपण ते नक्की कशाचे भरतोय हे एकदा नीट समजून घ्यायचं. समजून घेता घेता मुदत संपली आणि मी पैसे भरलेच नाहीत.

आमच्याकडे विंडोज ११ आहे. वापर घरगुती: मुलीचा अभ्यास, बँकेची कामं, फोटो, सिनेमे, थोडं ऑफिसचं लिखाण. अशा वापराला विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस पुरतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पण ‘अकरा महिन्यांत काही झालं नाही’ एवढ्यावर हे मत बेतलेलं नाही. पैसे भरत होते त्या आठ वर्षांतही काही झालं नव्हतं. दोन्हीकडे काहीच झालं नसेल तर त्यावरून कोण चांगलं हे कसं ठरवणार? म्हणून या काळात मी काय काय तपासलं आणि कुठे कुठे अडले, ते लिहिते.

सगळ्यात आधी, काढण्याचं काम. सेटिंगमधून अनइन्स्टॉल केलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि डिफेंडर आपोआप चालू झाला. दुसरा अँटीव्हायरस असला की विंडोज डिफेंडरला बाजूला बसवतं आणि तो गेला की परत कामाला लावतं. मधल्या काळात कॉम्प्युटर उघडा पडेल ही भीती मला होती, तसं होत नाही. मात्र जुन्या प्रोग्रॅमचं सामान मागे राहिलं. ब्राउझरमध्ये त्याचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, तसंच होतं. शेवटी त्या कंपनीचं खास साफसफाईचं टूल उतरवून चालवावं लागलं.

याच सुमारास एक गोष्ट लक्षात आली, ती मला आधी ठाऊक असायला हवी होती. बाबांच्या लॅपटॉपवर त्याच कंपनीचा अँटीव्हायरस अजून होता. त्यावर एक साइट उघडून पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक केलं आणि सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा दाखला, पाहिलं, तर ते देणाऱ्याच्या जागी अँटीव्हायरसचंच नाव. माझ्या कॉम्प्युटरवर त्याच साइटला नेहमीच्या सर्टिफिकेट संस्थेचं नाव दिसत होतं. म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यात जे कुलूपबंद बोलणं चालतं, ते मधे उघडून, वाचून, पुन्हा बंद करून पुढे पाठवलं जात होतं. हेतू तपासणीचाच असतो. पण हे काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खोट असली, तर सगळंच कनेक्शन कमकुवत होतं. अशा मधल्या तपासणीमुळे बऱ्याचदा सुरक्षा घटते, हे संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं होतं. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरच्या सगळ्यात आतल्या खोलीत शिरायची परवानगी असते. तिथे त्याची चूक झाली, तर ती साध्या प्रोग्रॅमच्या चुकीपेक्षा फार महागात पडते. त्यामुळे एक जास्तीचा पहारेकरी ठेवल्याने घर जास्त सुरक्षित होतं, हा हिशेब इथे तितका सरळ नाही.

डिफेंडरबद्दल लोकांच्या मनात जी अढी आहे, ती उगाच नाही. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये त्या नावाचा प्रोग्रॅम फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारे प्रोग्रॅम, बघायचा. व्हायरससाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शल्स वेगळं आणलं. डिफेंडर स्वतः पूर्ण अँटीव्हायरस झाला तो २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. आणि पुढची काही वर्षं चाचण्यांत तो मागेच असायचा. तेव्हा जाणकारांनी ‘विकतचाच घ्या’ म्हटलं ते बरोबरच होतं. पण तो सल्ला तोंडोतोंडी अजून फिरतो आहे आणि मधल्या काळात परिस्थिती बदलली आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था अँटीव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात. गेल्या काही वर्षांच्या निकालांत डिफेंडर विकतच्यांच्या पंगतीला बसलेला दिसतो.

एक उणीव मात्र याच चाचण्यांत दिसते आणि ती महत्त्वाची आहे. डिफेंडर इंटरनेटवर फार अवलंबून आहे. संशयास्पद फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. नेट बंद असेल तर त्याची पकड ढिली पडते, काही विकतच्या प्रोग्रॅमांपेक्षा जास्त ढिली. कॉम्प्युटर बहुतेक वेळ नेटशिवाय चालतो आणि फाइली दहा जणांच्या पेन ड्राइव्हवरून येतात, असं तुमचं काम असेल तर विकतचा अँटीव्हायरस घ्यायला हे खरंखुरं कारण आहे.

वेगाचं म्हणाल तर थोडं गोड, थोडं कडू. कॉम्प्युटर सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो आणि खिडक्या पूर्ण थांबल्या. पण फोटोंचं जुनं फोल्डर, हजारो बारीक बारीक फाइलींचं, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना डिफेंडर चांगलाच रेंगाळला. कोणता प्रोग्रॅम किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर यादीत ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, म्हणजे डिफेंडरच, वर चढून बसलेलं. अशा वेळी बरेच जण डाउनलोडचं फोल्डर तपासणीतून वगळून टाकतात. तसं करू नका, बाहेरची प्रत्येक फाइल आधी तिथेच उतरते.

आता त्याने पकडलं काय? विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ नावाचं पान आहे. अकरा महिन्यांत तिथे एकूण चार नोंदी झाल्या. दोन माझ्याच. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल असते, अँटीव्हायरस जागा आहे का हे बघण्यासाठीच बनवलेली. ती मी दोनदा उतरवून पाहिली आणि दोन्ही वेळा डिफेंडरने ती लगेच उचलली. तिसरी नोंद पीडीएफ जोडायच्या एका फुकट प्रोग्रॅमची, त्याच्या पोटात जाहिरातींचा कचरा होता. चौथी मेलमधून आलेल्या झिप फाइलची. म्हणजे खरी कामगिरी दोनदा. माझा पूर्वीचा अँटीव्हायरस ‘या महिन्यात इतके धोके अडवले’ म्हणून मोठमोठे आकडे दाखवायचा. त्यांची यादी उघडली की त्यात बहुतेक साध्या ट्रॅकिंग कुकी, म्हणजे आपला माग ठेवायला साइट्सनी ब्राउझरमध्ये टाकलेल्या छोट्या नोंदी, निघायच्या.

या काळातला सगळ्यात जवळून गेलेला धोका माझ्या कॉम्प्युटरवर आलाच नाही, तो बाबांच्या लॅपटॉपवर आला. एका दुपारी त्यांचा फोन आला. “अगं, ही साइट म्हणतेय तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. विंडोजचं बटण आणि आर दाबायला सांगतेय. मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.”

“बाबा, थांबा. दाबलंत का काही?”

“पहिलं दाबलं. छोटी चौकट आलीय खाली डावीकडे.”

“ती बंद करा. आणि आता नोटपॅड उघडा, तिथे कंट्रोल-व्ही करा. काय उमटतंय ते मला वाचून दाखवा.”

त्यांनी वाचलं. सुरुवातीला पॉवरशेल (विंडोजला लिहून हुकूम देण्याचा प्रोग्रॅम), पुढे काही आडव्या रेघा आणि मग अक्षरांची न संपणारी रांग. शेवटी इंग्रजीत ‘मी रोबो नाही’ असं साळसूद वाक्य. ही सगळी ओळ त्या पानाने त्यांच्या नकळत कॉपी करून ठेवली होती. रन या चौकटीत ती चिकटवून एंटर दाबलं असतं, तर बाहेरून प्रोग्रॅम ओढून आणायचा हुकूम बाबांनीच स्वतःच्या हाताने दिला असता. असे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात. आणि त्याहून वाईट म्हणजे आपण लॉगिन केलेल्या साइट्सच्या कुकी, म्हणजे ‘हा आधीच आत आला आहे’ हे सांगणाऱ्या खुणा, उचलतात. त्या हाती लागल्या की चोराला पासवर्ड लागत नाही आणि फोनवर येणारा ओटीपीही लागत नाही, कारण साइटच्या दृष्टीने आपण आधीच आत आलेलो असतो. अशा चोरीला अॅडमिन परवानगीचीही, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याच्या अधिकारांचीही, गरज पडत नाही.

बाबांच्या लॅपटॉपवर तेव्हा पैसे भरलेला, ताजा अपडेट झालेला अँटीव्हायरस चालू होता. ते पान उघडलं तेव्हा त्याने चकार शब्द काढला नाही. एंटर दाबल्यावर त्याने अडवलं असतं की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डिफेंडरने अडवलं असतं असंही म्हणणार नाही. माणसालाच हुकूम द्यायला लावणाऱ्या चोरीपुढे दोघांचीही स्थिती सारखीच आहे, एवढं मला त्या दुपारी कळलं. आणि कोणाकडून एंटर दाबला गेलाच, तर सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि प्रत्येक खात्यात ‘सगळीकडून लॉगआउट’ करा. कॉम्प्युटर नुसता स्कॅन करून भागत नाही.

उरला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रकार. माझी खरी भीती तीच होती, कारण मुलीच्या लहानपणापासूनचे सगळे फोटो या कॉम्प्युटरवर आहेत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी तो घेतला होता त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. हे वाचल्यापासून ‘नंतर आठवण करा’ हे बटण मी दाबत नाही.

डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ नावाची सोय आहे. ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम फोटो, डॉक्युमेंट वगैरे फोल्डरमध्ये बदल करू शकत नाही. ती मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. मी केली आणि दुसऱ्याच दिवशी फोटो सुधारायचा प्रोग्रॅम फाइल सेव्ह करेना. मग मुलीच्या खेळाची प्रगती जपली जाईना. दोन आठवडे एकेक प्रोग्रॅमला परवानगी देत बसावं लागलं. त्यानंतर गाडी रुळावर आली आणि आता ती सोय चालू आहे हे आठवतही नाही. हे दोन आठवडे सोसायची तयारी असेल तरच चालू करा, नाहीतर वैतागून सगळंच बंद कराल.

नूतनीकरणाचे पैसे वाचले त्यात मी एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. दर पंधरा दिवसांनी जोडते, बॅकअप घेते आणि काढून कपाटात ठेवते. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतो. महिन्याभराने त्यातले वीस-पंचवीस फोटो परत कॉम्प्युटरवर आणून उघडून पाहिले, खरंच उघडतात का ते. उघडले. या अकरा महिन्यांत माझ्या जिवाला सगळ्यात जास्त स्वस्थता कशाने मिळाली असेल, तर त्या वीस-पंचवीस फोटोंनी.

घरातलं रोजचं खातंही साधं केलं. अॅडमिनचं वेगळं ठेवलं, त्याचा पासवर्ड मुलीला दिलेला नाही. काही नवीन टाकायचं असेल तर ती मला हाक मारते.

विकतच्या पॅकेजमध्ये व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, मुलांसाठीचं कुलूप असं बरंच काही येतं. मला त्यातला पासवर्ड मॅनेजर खरोखर हवा होता, तर बिटवॉर्डन आणि कीपास हे दोन्ही फुकट मिळतात आणि चांगले आहेत. पण ‘फुकट’ म्हटलं की सावध राहायला हवं, विशेषतः बाहेरच्या कंपन्यांच्या फुकट अँटीव्हायरसबाबत. फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, हे २०२० च्या सुरुवातीला उघड झालं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यासाठी त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर असताना असला फुकटचा पाहुणा घरात घ्यायचं मला काहीच कारण दिसत नाही.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथेही गेटकीपर आणि एक्सप्रोटेक्ट हे पहारेकरी आधीपासून असतात, आणि बाबांच्या बाबतीत घडलं तो सापळा तिथेही टर्मिनलच्या, म्हणजे मॅकला लिहून हुकूम देण्याच्या प्रोग्रॅमच्या, नावाने लावला जातो.

बाबांचा लॅपटॉप मात्र विंडोज १० वर आहे आणि विंडोज ११ घेण्याइतका नवा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. कोणीतरी त्यांना सांगितलं, की आता भारीतला अँटीव्हायरस घातला की झालं. तसं होत नाही. विंडोजमधलंच भोक बुजलं नाही, तर वर बसवलेला पहारेकरी ते बुजवू शकत नाही. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, त्यात मी त्यांचं नाव नोंदवलं. तोवर नवा लॅपटॉप घ्यायचं ठरलं आहे.

त्यांच्या अँटीव्हायरसची मुदत अजून दोन महिने आहे. कोपऱ्यातल्या खिडक्या आल्या की त्यांनी मला कळवायचं, पैसे भरायचे नाहीत, असं बोलणं झालंय. स्क्रीनच्या कडेला त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: ‘विंडोज आणि आर दाबा म्हणाले, तर आधी लेकीला फोन.’