फोटो उमेदवाराचा, पैसे भलत्याच्याच खात्यात

न्यूजर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका निवृत्त काकूंच्या क्रेडिट कार्डावर २०२४ मध्ये ९ सप्टेंबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत दर सोमवारी २५ डॉलर पडत गेले. नऊ सोमवार, २२५ डॉलर. काकूंना द्यायचे होते फक्त एकदा २५, आणि तेही काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एका चुरशीच्या लढतीतल्या पुरोगामी उमेदवाराला. त्या उमेदवाराच्या प्रचाराला यातला एक सेंटही मिळाला नाही. मतदान झालं, निकाल लागला, आणि त्यानंतर कधीतरी स्टेटमेंट नीट वाचल्यावर हे लक्षात आलं.

कुणी कार्ड चोरलं नव्हतं की पासवर्ड फोडला नव्हता. नऊच्या नऊ वेळा काकूंची ‘संमती’ असल्याची नोंद होती. ती कशी घेतली गेली, हे बारकाईने बघायला हवं, कारण ३ नोव्हेंबर २०२६ ला पुन्हा मतदान आहे आणि हीच पानं पुन्हा फिरणार आहेत.

फोनवर मेसेज आला. वर उमेदवाराचा हसरा फोटो. खाली ‘फायनल नोटीस’, ‘आज रात्री बारापर्यंत’, ‘तुमच्या देणगीवर ७०० टक्के मॅच’, म्हणजे दुसरा कुणी सातपट भर घालणार. लिंक दाबली की तोच फोटो असलेलं पान. त्यावर १०, २५, ५० अशी बटणं. काकूंनी २५ दाबलं. बटणांखाली पिवळ्या चौकटीत ठळक अक्षरांत चार ओळी, सगळ्या विरोधकाला हरवण्याबद्दल. पाचवी ओळ मात्र बारीक: ‘निवडणुकीपर्यंत दर आठवड्याला’. तिच्या शेजारच्या चौकोनात टिक आधीच केलेली. टिक काढायची जबाबदारी देणाऱ्यावर, आणि ती दिसली नाही तर तीच संमती. पानाच्या तळाशी राखाडी अक्षरांत आणखी एक वाक्य होतं: हा मजकूर अमुक पॅकच्या (देणग्या गोळा करून निवडणुकीत खर्च करणाऱ्या राजकीय समितीच्या) पैशांतून आहे, कुठल्याही उमेदवाराने किंवा उमेदवाराच्या समितीने तो अधिकृत केलेला नाही.

सगळं प्रकरण या वाक्यात आहे. कायद्याने ते छापावंच लागतं, म्हणून ते छापलेलं असतं. बाकीच्या पानावर कितीही मोठा फोटो असो, हे वाक्य दिसलं की समजायचं: पैसे उमेदवाराकडे जात नाहीत, एका वेगळ्याच समितीकडे जातात.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात उमेदवाराची स्वतःची प्रचार समिती वेगळी आणि पॅक वेगळी. उमेदवाराच्या अधिकृत समितीच्या नावात त्याचं नाव असावंच लागतं. उलट, ज्या पॅकला उमेदवाराने अधिकृत केलेलं नाही, तिला आपल्या नोंदणीच्या नावात त्याचं नाव सहसा घालता येत नाही. म्हणून या पॅकची नावं ‘लोकशाही’, ‘पुरोगामी’, ‘बहुमत’ अशा शब्दांची असतात. मेसेजमध्ये उमेदवाराचं नाव घ्यायला किंवा फोटो लावायला मात्र त्यांना कुणी अडवत नाही. मोठ्या अक्षरांतल्या नावावरून म्हणूनच काहीच कळत नाही. तळाचं छोटं नाव तेवढं खरं.

मग हे पैसे जातात कुठे? प्रचारासाठी मिळालेला पैसा घरखर्चाला वापरायची बंदी उमेदवारांच्या समित्यांना आहे, पॅकना नाही. निवडणुकांच्या पैशांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल इलेक्शन कमिशनने, म्हणजे एफईसीने, ती बंदी सगळ्या समित्यांना लावा असं काँग्रेसला अनेकदा सुचवलं आहे. ते झालेलं नाही. त्यामुळे पॅकने सगळी रक्कम पुढचे मेसेज पाठवण्यात, नंबरांच्या याद्या भाड्याने घेण्यात आणि ‘फंडरेझिंग कन्सल्टिंग’च्या बिलांत संपवली, तरी तेवढ्याने गुन्हा होत नाही. देणाऱ्याशी उघड खोटं बोलल्याचा पुरावा असेल तर सहसा फौजदारी खटला उभा राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने टेक्सासमध्ये असं एक आरोपपत्र दाखल केलं. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिघांनी एक पॅक एका बाजूच्या नावाने आणि दुसरी ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्द असलेली पॅक दुसऱ्या बाजूच्या नावाने चालवली, असा तो आरोप. जमा झाले सुमारे ३५ लाख डॉलर. आरोपपत्राच्या हिशेबाने त्यातले उमेदवारांच्या समित्यांना किंवा राजकीय कामाला गेले १९. एकोणीस लाख नव्हेत, एकोणीस डॉलर.

पुरोगामी उमेदवारांना याची झळ जास्त बसते. कॉर्पोरेट पॅकचे पैसे घेणार नाही असं जाहीर करून ते उभे राहतात, तेव्हा त्यांचा आधार असतो २५-५० डॉलर देणारी माणसं. डेमोक्रॅट केटी पोर्टर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत रिपब्लिकनांची जागा घेऊन निवडून आल्या, त्या अशाच भूमिकेवर. एकदा हात पोळलेली काकू पुढच्या वेळी खऱ्या उमेदवाराचा मेसेजही न वाचता पुसून टाकते. या पॅक सगळ्यात मोठं नुकसान करतात ते हे.

आता ‘मॅच’. याचं गणित एकदा करून बघितलं की पुन्हा कुणी भुलणार नाही. २०२५-२६ च्या निवडणूक-चक्रात एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आणि मुख्य निवडणूक वेगवेगळ्या धरल्या जातात. २५ डॉलरवर ७०० टक्के म्हणजे १७५. कुणी धनिक सगळी मर्यादा ‘मॅच’साठी द्यायला तयार झाला, तरी ३,५०० ला १७५ ने भागलं की येतात वीस माणसं. मेसेज तर लाखो फोनवर जातो. कितीही मोठ्या देणग्या घेऊ शकणाऱ्या सुपर पॅककडे अमर्याद पैसा असतो, पण तिला तो उमेदवाराला देता येत नाही. त्यामुळे मॅच करणारा कुणी नसतोच.

‘रात्री बारा’ची मुदत अधूनमधून खरी असते, हे मान्य करायला हवं. उमेदवारांच्या समित्यांचे तिमाही हिशेब ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबरला बंद होतात, आणि त्या आकड्यांकडे पत्रकारांचं आणि पक्षाचं लक्ष असतं. मतदानाच्या थोडं आधीचा अहवाल वेगळा. पण ९ सप्टेंबरच्या मध्यरात्री काय बंद होतं? काहीही नाही.

पॅकचा खरेपणा तपासायला दहा मिनिटं लागतात, आणि सगळं फुकट आहे. एफईसीच्या संकेतस्थळावर तळाच्या राखाडी ओळीतलं नाव टाकायचं. प्रत्येक समितीला ‘सी’ अक्षर आणि आठ आकडे असा क्रमांक असतो. पॅकचा हिशेब ‘फॉर्म ३ एक्स’ मध्ये मिळतो. त्यात खर्चाच्या तीन ओळी बघायच्या. २१ म्हणजे चालवण्याचा खर्च, २३ म्हणजे उमेदवारांना आणि इतर समित्यांना दिलेले पैसे, २४ म्हणजे स्वतंत्र प्रचारखर्च, उमेदवाराशी न ठरवता केलेला. २१ फुगलेली आणि २३, २४ जवळपास कोरड्या असतील तर दूर राहा. इथे एक मेख आहे. देणगी मागणारे मेसेजच ‘स्वतंत्र प्रचारखर्च’ म्हणून २४ मध्ये दाखवायची युक्ती या धंद्यात जुनी आहे. त्यामुळे शेड्यूल ई, म्हणजे फॉर्मला जोडलेली या खर्चाची यादी, उघडून पैसे कुणाला आणि कशासाठी दिले ते वाचायचं. सगळं एकाच कंपनीला आणि कारण ‘टेक्स्ट मेसेजिंग’ असेल, तर तो प्रचार नाही, वसुली आहे. उलट बाजूही लक्षात ठेवावी. मतदार नोंदणी करणाऱ्या प्रामाणिक संघटनेचीही २१ मोठी दिसू शकते. एका ओळीवरून कुणाला चोर ठरवू नये.

उमेदवाराच्या बाजूने उलटं तपासणं आणखी सोपं. त्याच संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव टाकलं की त्याने ‘फॉर्म २’ मध्ये नेमलेली मुख्य समिती दिसते. देणगीच्या पानाच्या तळाचं नाव त्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. पान अ‍ॅक्टब्लूवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या या प्लॅटफॉर्मवर उमेदवारांची पानं असतात तशी पॅकचीही असतात. एकाच पानावर पाच-सहा समित्या जोडून रक्कम सगळ्यांत वाटून टाकायची सोयही असते. म्हणून २५ च्या पुढे नेमकी कुणाकुणाची नावं आहेत ते बघायचं आणि नको त्यांच्यापुढे शून्य टाकायचं. मेसेजमधली लिंक वापरायचीच नाही. उमेदवाराच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथून जायचं.

शेवटचं बटण दाबायच्या आधी पान एकदा खालपर्यंत सरकवून प्रत्येक चौकोन बघायचा: आठवडा, महिना, जादा रक्कम, प्लॅटफॉर्मला टिप. आधीच टिक केलेल्या चौकोनांवर बंदी घाला अशी शिफारस एफईसीने २०२१ मध्ये एकमताने केली होती, पण संघीय कायदा झालेला नाही. देणगी गेल्यावर उघडणारी दोन-तीन पानंही सांभाळून. ‘हो, दरमहा करा’ हे बटण भलंमोठं असतं आणि ‘नको, धन्यवाद’ त्याच्याखाली कोपऱ्यात. डेबिट कार्ड वापरू नये. वाद घालायला क्रेडिट कार्ड बरं.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट बोलली जायला हवी. देणगी अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बी, एच-४, एफ-१ व्हिसावर असलेल्यांना एक डॉलरही देता येत नाही. ‘तू दे, मी तुला झेलने (Zelle) पैसे पाठवतो’ हा त्यावरचा उपाय नाही. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे. ही रक्कम टॅक्समधूनही वजा होत नाही.

पैसे खऱ्या उमेदवाराला पोचले तरी वाया जाण्याची एक तऱ्हा आहे. मेसेजवाले ज्याचा राग येतो त्याच्या विरुद्धचा उमेदवार पुढे करतात. २०२० मध्ये केंटकीत रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्राथ यांना ९ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. जवळपास २० टक्क्यांच्या फरकाने त्या हरल्या. २०२२ मध्ये जॉर्जियात रिपब्लिकन मार्जोरी टेलर ग्रीन यांच्याविरुद्ध मार्कस फ्लॉवर्स यांनी दीड कोटीहून जास्त जमवले आणि फरक ३० टक्क्यांच्या वर गेला. त्याच २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात अ‍ॅडम फ्रिश ५४६ मतांनी हरले. २०२० मध्ये आयोवाच्या दुसऱ्या मतदारसंघात रीटा हार्ट हरल्या, सहा मतांनी. लढत खरंच चुरशीची आहे का, हे मागच्या दोन निकालांचा फरक बघून ठरवायचं. मेसेजमधल्या ‘फक्त एका टक्क्याने मागे’वरून नाही.

आणि द्यायचंच तर थेट उमेदवाराला द्यायचं. मतदानाआधीच्या ६० दिवसांत, आणि प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत, टीव्ही आणि रेडिओ केंद्रांना उमेदवाराकडून जाहिरातीचा सगळ्यात कमी दर घ्यावा लागतो. पॅकना ही सवलत नाही. तेच २५ डॉलर उमेदवाराच्या हातात जास्त सेकंद विकत घेतात.

फसल्याचं लक्षात आलं तर आधी रिकरिंग, म्हणजे ठरावीक दिवसांनी आपोआप जाणारी देणगी, बंद करायचं. ती लिंक पावतीच्या ईमेलमध्ये असते. पावती सापडत नसेल तर प्लॅटफॉर्मला कार्डावरची तारीख आणि रक्कम कळवायची. मग पान, पावती आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट जोडून प्लॅटफॉर्म आणि पॅकचा खजिनदार, दोघांकडे लेखी परतावा मागायचा. खजिनदाराचं नाव आणि पत्ता एफईसीच्या ‘फॉर्म १’ मध्ये असतो. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नये. स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीकडेही लेखी वाद नोंदवायचा. ही मुदत गेली की हात बांधले जातात. एफईसीकडे तक्रार करता येते, पण ती शपथेवर, नोटरी करून द्यावी लागते, आणि कारवाईला चार सदस्यांची मतं लागतात. मे २०२५ मध्ये आयोगाकडे तेवढे सदस्यच उरले नव्हते. म्हणून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडेही तक्रार द्यावी.

असे मेसेज ७७२६ या स्पॅमच्या तक्रारीसाठीच्या नंबरावर फॉरवर्ड करता येतात. ‘स्टॉप’ पाठवलं की तो एक पाठवणारा थांबतो, यादी थांबत नाही. एफईसीच्या जाहीर नोंदीत देणाऱ्याचं नाव, गाव आणि नोकरी दिसते, फोन नंबर नसतो. नंबर फिरतो तो समित्या एकमेकींना याद्या भाड्याने देतात म्हणून. त्यामुळे देणगीच्या फॉर्मवर नंबराचा रकाना सक्तीचा नसेल तर तो रिकामाच ठेवावा.

काकूंनी खजिनदाराला पत्र पाठवलं. पहिला हप्ता सोडून बाकीचे आठ, म्हणजे २०० डॉलर, कार्डावर परत आले. पॅकच्या पुढच्या अहवालात अशी रक्कम ओळ २८ मध्ये, ‘परत केलेल्या देणग्या’ म्हणून दिसते. पहिले २५ मात्र तिकडेच राहिले. त्यांच्या फोनवर अजूनही आठवड्याला दोन-तीन ‘फायनल नोटिसा’ येतात, दर वेळी वेगळ्या नंबरावरून.