सॅम्पल रेट जुळत नसताना: आधीच रूपांतर, की वाजवताना?

सॅम्पल रेट म्हणजे ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो दर. एकाच सेशनमध्ये, म्हणजे ध्वनिसंपादनाच्या एका प्रोजेक्टमध्ये, मोबाइलचे ४८ किलोहर्ट्झचे आणि हँडी रेकॉर्डरचे ४४.१ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रण एकत्र आले की दोन मार्ग समोर असतात. कामाला हात लावण्यापूर्वी सगळ्या फाइली एका दरावर आणून ठेवणे हा पहिला. फाइली आहेत तशाच टाइमलाइनवर ठेवून वाजवताना आणि शेवटी मिक्स काढताना रिसॅम्पलिंगचे (दर बदलण्याचे) काम सॉफ्टवेअरवर सोपवणे हा दुसरा. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी-वडसा पट्ट्यात खंजेरी भजने, दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टी नाटकांतील गाणी ध्वनिमुद्रित करताना मी दोन्ही मार्ग वापरले आहेत. धानाची कापणी आटोपून नाटकांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्यांना आपली पद्धत ठरवायची आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा.

त्याआधी एक प्रकार बाजूला काढला पाहिजे, कारण त्यावर या दोहोंपैकी कोणताच मार्ग चालत नाही. कधी कधी आतला आवाज ४४.१ चा असतो आणि फाइलवरची नोंद मात्र ४८ ची असते. सॉफ्टवेअर त्या नोंदीवर विश्वास ठेवते, त्यामुळे चार मिनिटांचे भजन सुमारे ३ मिनिटे ४० सेकंदांत आटोपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने (पेटीवरच्या दीड पट्टीने) चढतो. आपल्याकडची मंडळे मुळातच उंच पट्टीत गातात, म्हणून नुसता आवाज चढा वाटल्याने संशय येत नाही. पेटी मात्र खरे सांगते. काळी दोनमध्ये गायलेले भजन पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधोमध कुठेतरी जाऊन पडते आणि कोणतीच पट्टी त्याच्याशी जुळत नाही. मंडळाने पट्टी बदलली असती तर दुसरी एखादी पट्टी नक्की जुळली असती. अर्थात गावातल्या जुन्या पेट्या स्वतःच थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात, म्हणून तुलना त्याच पेटीच्या, त्याच रात्रीच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाशी करणे मला अधिक भरवशाचे वाटते. अशा फाइलची आधी नोंद दुरुस्त करावी लागते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या स्वतःच्या मेन्यूतील ‘रेट’ केवळ ही नोंद बदलतो, तर ‘ट्रॅक्स’ मेन्यूतील ‘रिसॅम्पल’ खरे रूपांतर करतो. या दोहोंची अदलाबदल झाली की जुना बिघाड तसाच राहतो किंवा नवा तयार होतो.

दोन यंत्रे एकाच दरावर असूनही तासाभरात थोडी मागेपुढे सरकतात, तो प्रश्नही निराळा आहे. यंत्रांच्या आतल्या दोन घड्याळांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तर तासाला सुमारे ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. दराची नोंद चुकलेली असेल तर तोच तास ५५ मिनिटांच्या आसपास येऊन संपतो, त्यामुळे कानाची गल्लत सहसा होत नाही.

आता मूळ निवडीकडे येतो. वाजवताना रिसॅम्पल करण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मूळ फाइलींना धक्का लागत नाही, आणि पुढे प्रोजेक्टचा दर बदलावासा वाटला तर सगळी गणिते पुन्हा मुळापासूनच होतात. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये वाजवतानाचा दर्जा आणि रेंडरचा (शेवटची फाइल काढण्याचा) दर्जा वेगवेगळा ठरवता येतो, म्हणून काम करताना लॅपटॉपवर भार कमी ठेवून शेवटी उत्तम दर्जा घेता येतो. आधी रूपांतर केले की फाइलींची दुसरी प्रत साठते, म्हणून जागेचा मुद्दाही लहान नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचे आठ मोनो ट्रॅक तासाला सुमारे ४.१ जीबी जागा घेतात, आणि आपले नाटक रात्रभर चालते. आवाजाबद्दल म्हणाल, तर रेंडर झाल्यावर दोन्ही पद्धतींतला फरक मला ऐकू आलेला नाही. वाजवतानाचा दर्जा खूप खाली ठेवला असता टाळांच्या किणकिणाटात किंचित खरखर जाणवली, पण ती माझ्या कानांची साक्ष आहे. मोजमाप मी केलेले नाही.

तरीही माझा कौल फिरला तो या पद्धतीच्या मुकेपणामुळे. खेड्यात वीज जाते, भिंतीच्या विजेवर चालणारा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारे यंत्र) बंद पडतो आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. सेशन पुन्हा उघडताना सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडकार्डावर जाते, आणि प्रोजेक्टचा दर पक्का केलेला नसेल तर त्या कार्डाचा दर मुकाट्याने स्वीकारते. तेवढ्या वेळात घेतलेला कोरसचा एखादा ओव्हरडब (आधीच्या मुद्रणावर मागाहून गायलेला भाग) ४४.१ वर नोंदला जातो. वीज आल्यावर इंटरफेस पुन्हा ४८ वर येतो, सगळे सुरात आणि ठेक्यात वाजते, पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. त्या खोलीत सर्व काही ठीक असते. त्या फाइली घराबाहेर पडल्या की अडचण सुरू होते, कारण काही सॅम्पलिंग पॅड (थाप मारली की साठवलेला आवाज वाजवणारी यंत्रे) आणि मल्टिट्रॅक प्लेअर एकाच दराच्या फाइली घेतात. बाकीच्या ते नाकारतात किंवा चुकीच्या गतीने वाजवतात. प्रयोगापूर्वीच्या तालमीत कोरस मुख्य गायकाच्या पुढे पळत आहे आणि नेमकी कोणती फाइल वेगळी आहे हे कोणालाच सांगता येत नाही, असा खोळंबा मी जवळून पाहिला आहे. प्रत्येक ट्रॅक एका दराने रेंडर करून दिला तर हे टळते, हे मला मान्य आहे. पण नाटकाची मंडळी निघण्याच्या घाईत पेनड्राइव्हवर सेशनचा फोल्डरच उचलून नेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आधी रूपांतर करण्यात हा लपलेला भाग उरत नाही, कारण प्रत्येक फाइलचा दर कामाच्या सुरुवातीलाच डोळ्यांखालून जातो. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये तर सेशनचा एकच दर असतो आणि वेगळ्या दराची फाइल आत घेतानाच बदलून घ्यावी लागते. ही सक्ती मला आता पटते. वेळ आणि जागा जास्त लागते खरी, पण रूपांतर रात्री लावून झोपता येते आणि जुना लॅपटॉप दुसऱ्या दिवशी अडखळत नाही. दर मी ४८ चाच ठेवतो, कारण मोबाइलवरच्या चित्रीकरणाचा आवाज बहुधा त्याच दराचा असतो आणि बदलाव्या लागणाऱ्या फाइली कमी होतात, पॅडला ४४.१ हवे असेल तर फक्त शेवटची फाइल बदलतो. एक दक्षता मात्र हवी. खंजेरीची थाप शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीला, टेकलेली असेल तर रूपांतरात तिचे टोक आणखी वर जाऊन कापले जाऊ शकते. म्हणून पातळी आधी एक-दोन डेसिबल खाली घ्यावी, किंवा नवी फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये काढावी, ज्यात शून्याच्या वर गेलेली टोकेही शाबूत राहतात.

ज्यांचे काम एकाच लॅपटॉपवर सुरू होऊन तिथेच संपते, म्हणजे मुलाखती किंवा एखाद्या कीर्तनाचे साधे संपादन, त्यांनी रूपांतराच्या खटाटोपात न पडलेलेच कदाचित बरे. त्यांनी प्रोजेक्टचा दर तेवढा पहिल्याच दिवशी पक्का करावा. ज्यांच्या फाइली हातोहात फिरतात त्यांना मी आधी रूपांतर करण्याचे सुचवीन. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात आणि रूपांतरित फाइलीच्या नावातच दर लिहावा, म्हणजे फोल्डर कोणीही उचलून नेला तरी त्यात एकाच दराच्या फाइली असतील.