रिक्वायरची कॅश उडवून टेस्ट लिहिण्याचे आठ महिने

आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) सर्व्हिसमध्ये एक कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची, फाइल आहे. ती लोड होतानाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली मूल्यं, वाचून घेते आणि मग प्रोसेस मरेपर्यंत तेच धरून बसते. टेस्टमध्ये व्हेरिएबल बदला नाहीतर काही करा, उत्तर जुनंच. नोडमध्ये एक फाइल दुसरीत आणणारं रिक्वायर ती फाइल एकदाच चालवतं, पुढच्या वेळी कॅशमधलीच, म्हणजे साठवून ठेवलेलीच, प्रत हातात ठेवतं.

म्हणून प्रत्येक टेस्टआधी रिक्वायर.कॅशमधली ती नोंद उडवायला लागलो. पहिला धडा लगेच मिळाला. दर काढणाऱ्या दुसऱ्या एका फाइलने जुनी कॉन्फिग आधीच खिशात घातलेली, त्यामुळे तीही उडवावी लागली, आणि तिला वापरणारीही.

मग आम्ही टेस्ट चालवणारं मोका सोडून जेस्टवर आलो आणि कॅश उडवणारी तीच ओळ ढिम्म हलेना. अर्धा दिवस गेला. जेस्ट नोडचं रिक्वायर वापरतच नाही, मॉड्यूलची, म्हणजे अशा आणलेल्या फाइलींची, स्वतःची वही ठेवतं. तिथे ती वही पुसणारं रीसेटमॉड्यूल्स चालतं, पण त्यानंतर टेस्टच्या आतच पुन्हा रिक्वायर करायला हवं. फाइलच्या माथ्यावर आणलेलं जुनंच राहतं.

खरा मनस्ताप एरर क्लासने दिला. टेस्ट नापास, आणि स्क्रीनवर काय? अपेक्षित कन्स्ट्रक्टर: नॉटफाउंडएरर. मिळालेला कन्स्ट्रक्टर: नॉटफाउंडएरर. डोळे चोळून पाहिलं. रीसेटनंतर फाइल पुन्हा चालली, क्लास नव्याने जन्मला. नाव तेच, पण वस्तू कुठल्या क्लासची ते तपासणाऱ्या इन्स्टन्सऑफच्या लेखी परका.

डेटाबेसची फाइलही या फेऱ्यात सापडली. दर रीसेटला नवा पूल, म्हणजे डेटाबेसच्या कनेक्शनचा साठा, जुना कुणी बंद करत नाही. पीजी या पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या पूलमधलं रिकामं कनेक्शन एरवी 10 सेकंदांनी सुटतं, पण तेवढ्यात आमच्या टेस्ट कुठल्या कुठे गेलेल्या असायच्या. पोस्टग्रेसची एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा मुळात 100. एके संध्याकाळी त्याने ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणून दार लावून घेतलं. सॉरी म्हणाला, एवढंच समाधान.

आता सरसकट रीसेट बंद. कॉन्फिगपुरतं जेस्टचंच आयसोलेटमॉड्यूल्स वापरतो, त्याचा पसारा त्या फंक्शनच्या आतच राहतो. त्यावर मात्र खूश आहे. रिक्वायरऐवजी इम्पोर्ट वापरणाऱ्या ईएस मॉड्यूलमध्ये तर नोंद उडवायची सोयच नाही. फाइलच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि आकडा लावला की नवी प्रत मिळते, पण जुनी मेमरीत तशीच पडून राहते. तो नाद केला नाही.

नव्या फाइलींत कॉन्फिग हे साधं फंक्शन आहे, एन्व्हायर्नमेंट बाहेरून द्यायचं. जुनी दर काढणारी फाइल तेवढी राहिली आहे. तिला हात लावायला अजून कुणी तयार नाही, मीसुद्धा.