कालाहारीतली सफारी: खगालागादी की सेंट्रल कालाहारी?

स्वतः गाडी चालवणार आणि पहिलीच खेप असेल, तर दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानाच्या सीमेवर पसरलेल्या खगालागादी अभयारण्यात दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने शिरा. ट्वी रिफीरन, माटा-माटा आणि नॉसोब या तिन्ही मोठ्या कॅम्पांना कुंपण आहे, इंधन आणि किराणाही मिळतो. कोरड्या नदीपात्रांतल्या पाणवठ्यांवर हिवाळ्यात सकाळी थांबलं की जनावरं आपणहून येतात. फक्त वेगमर्यादा ताशी ५० किमी. ट्वी रिफीरन ते नॉसोब हे सुमारे १६० किमी अंतर थांबत-थांबत गेलं की अख्खा दिवस खातं. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा वाळवंट म्हणून सुती कपड्यांवर निघू नका.

बोत्सवानातलं सेंट्रल कालाहारी अभयारण्य वेगळंच प्रकरण. फोर बाय फोर हवीच. आत इंधन नाही, दुकान नाही, कॅम्पला कुंपण नाही. पिण्याचं पाणी माणशी रोज किमान ५ लिटर धरा. डिसेंबर ते एप्रिल, पावसाच्या दिवसांत, तिथल्या डिसेप्शन व्हॅलीत कोवळं गवत येतं, हरणं जमतात, मागोमाग सिंह. पण त्याच पावसात चिखलात चाकं रुततात. शिवाय वाळलेल्या गवताचं बी रेडिएटरमध्ये अडकून इंजिन तापतं आणि सायलेन्सरपाशी साचलेलं गवत पेट घेतं. म्हणून पुढे जाळी लावा, दर थांब्याला गाडीखाली वाका. एकट्या गाडीने तर जाऊच नका.