चादरींचं कपाट: झिपच्या पिशव्या, व्हॅक्यूमच्या पिशव्या की सासूबाईंची पेटी?

भाची लग्न होऊन इथेच इंदुरात विजयनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि आठवड्याभरात तिचा फोन आला, "मावशी, चादरी-पांघरुणांना जागाच नाही गं. ऑनलाइन त्या पिशव्या मिळतात त्या मागवू का?" मी म्हटलं, थांब, दोन दिवस दे मला. आमच्या घराण्यात हे सगळे प्रयोग होऊन गेलेत. रामबागेत आमचं जुनं घर, त्यात लोखंडी कपाट आणि सासूबाईंच्या वेळची पत्र्याची पेटी. धाकटी जाऊ निपानियाला आठव्या मजल्यावर. तिनं बाजारात होत्या नव्हत्या त्या सगळ्या पिशव्या घेऊन पाहिल्या. भाचीसारख्या आणखीही कुणाला ठरवायचं असेल, म्हणून दोन्ही घरांचा हिशोब मांडते.

पिशवी की पेटी हे ठरवायच्या आधी मोजणी करा. मी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अख्खं कपाट पलंगावर उपडं केलं. दोन डबल पलंग आणि एक दिवाण एवढ्याच घरात चादरी निघाल्या सव्वीस. उश्या सहा, अभ्रे एकेचाळीस! अकरा टॉवेल अजून प्लास्टिकच्या वेष्टनात, आहेरात आलेले, 'पाहुण्यांसाठी' ठेवलेले. आणि पाहुणे आले की आपण काढून देतो तो रोजचाच धुतलेला टॉवेल.

माझा हिशोब असा: एका पलंगाला तीन चादरी. एक अंथरलेली, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून घरात मिळून दोन जास्त, आणि दोन पाहुण्यांच्या. झाल्या तेरा. म्हणजे बरोब्बर निम्म्या फाजील होत्या आणि मी मात्र वर्षभर नवीन कपाटाची भाषा करत होते.

कोणती ठेवायची हे ठरवताना चादर खिडकीच्या उजेडात धरा. मधोमध जाळी दिसली तर तिचं आयुष्य झालं, काठ कितीही नवे दिसोत. दुसरी परीक्षा मापाची. जुन्या डबल चादरी ९० बाय १०० इंचांच्या. सहा फुटी गादीची रुंदी ७२ इंच, हल्लीच्या गाद्या आठ-दहा इंच जाड. दोन्ही बाजूंचे दहा-दहा धरले की झाले ९२. खोचायला उरलं काय? अशा चादरी रात्री गोळा होतात, सकाळी आपण चिडतो आणि घडी करून पुन्हा त्याच कपाटात ठेवतो. जाड गादीला १०८ बाय १०८ ची लागते. जुनी ९० बाय १०० ची दिवाणावर दुमडून घाला, नाहीतर पांघरायला घ्या.

काढलेल्या चादरींचं काय, यावर जाऊबाईंचं आणि माझं पटत नाही. तिचं म्हणणं, सगळं एका गाठोड्यात बांधून देऊन टाकायचं. मी आधी वेगळं करते. काठाचा एक धागा काढून काडेपेटीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती चादर पोछ्याला, पुसण्यांना सोनं आहे. पॉलिस्टरचं फडकं पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं. धड असलेल्या चादरी द्यायच्या असतील, तर जुन्या वस्तू घेणारी आरआरआर केंद्रं २०२३च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या मोहिमेतून शहरोशहरी सुरू झाली. आपल्या वॉर्डातलं कुठे आहे ते सकाळच्या कचरागाडीवरच्या माणसाला विचारा. फाटके टॉवेल भटक्या कुत्र्यांची काळजी घेणारे लोक आनंदानं नेतात. दारावर येणाऱ्या बर्तनवालीच्या, म्हणजे आपल्या बोहारणीच्या भरवशावर मात्र राहू नका. तिला पँट आणि जरीची साडी हवी असते. सहा चादरींवर मला एक स्टीलची वाटी मिळाली, तीही हुज्जत घालून.

आता ठेवायच्या वस्तू.

जाऊबाईंनी आधी घेतल्या त्या झिपच्या, पुढे पारदर्शक खिडकी असलेल्या पिशव्या. चार पिशव्या, पाचशेला एक रुपया कमी. फायदा खरा आहे: आत काय आहे ते दिसतं, धूळ जात नाही (निपानियाकडच्या बांधकामांची धूळ काय असते ते तिकडचेच जाणोत) आणि माळ्यावरून खाली ओढता येतात. कापड थोडी हवा घेतं, त्यामुळे कुबट वास कमी. तोटा असा की ते विणलेलं कापड नसतं, दाबून चिकटवलेला प्लास्टिकचा धागा असतो. उन्हात किंवा गरम माळ्यावर तीन-चार उन्हाळे काढले की त्याचा भुगा पडायला लागतो. आणि वजन भरलं की आधी कान तुटतात. एका पिशवीत दोन पातळ ब्लँकेटं, एवढंच ठेवा.

मग आल्या व्हॅक्यूमच्या. पाच पिशव्या आणि हातपंप मिळून साडेआठशे. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवला, कम्फर्टर पापडासारखा चपटा! दोन महिन्यांनी पाहिलं तर पाचांतल्या तीन पुन्हा फुगलेल्या. तेही चाललं असतं, पण तिनं त्यातच रुईची रजई कोंबली होती. रुई दाबून ठेवली की तिचे गोळे होतात. रजई बाहेर काढली तेव्हा एका कोपऱ्यात सगळा कापूस आणि मधे नुसतं कापड. शेवटी पिंजाऱ्याला पैसे देऊन पुन्हा भरून घेतली. शिवाय आत किंचित जरी ओल राहिली तरी ती तिथेच कोंडते. फायबर भरलेल्या कम्फर्टरला मात्र या पिशव्या चांगल्या, दाब काढला की तो पुन्हा फुगतो. तुमच्याकडे कम्फर्टर असतील तर दोन पिशव्या घ्या. रुईच्या रजया असतील तर या वाटेला जाऊच नका.

माझी बाजू जुनाट वाटेल. पेटीत खाली जुनी सुती साडी, त्यावर रजया, वर त्याच साडीचा पदर ओढून घ्यायचा. पेटी दोन-दोन विटांवर, म्हणजे फरशीची ओल वर चढत नाही. उंदीर नाही, भुगा नाही, खर्च शून्य. गैरसोय म्हणजे जड, आणि तळाचं काढायला सगळं उपसावं लागतं. त्यामुळे पेटीत वर्षातून दोनदा लागणाऱ्याच वस्तू. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की रजया आत, दिवाळी झाली की बाहेर. ठेवण्याआधी दोन दिवस कडक ऊन, पण उन्हातून उचलून लगेच पेटीत नाही. घरात पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्यायच्या.

रोजच्या चादरींसाठी आम्ही दोघी एकाच युक्तीवर आलो आहोत. जोडीची चादर आणि एक अभ्रा घडी करून दुसऱ्या अभ्र्यात घालायची. एक पाकीट म्हणजे एक पलंग. त्या एकेचाळीस अभ्र्यांचा शोध इथे संपतो. पाच-सहांपेक्षा जास्त पाकिटं एकावर एक रचू नका, घसरतात. पुस्तकांसारखी उभी लावली तर बरं. टेकूला खोके मात्र पुठ्ठ्याचे नकोत. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, मागून कसर आणि वाळवी. सासूबाई सिंगल चादरीच्या कोपऱ्याला लाल धाग्याचा एक टाका घालत आणि डबलला निळ्याचा. लेबलं छापायचं यंत्र घेणाऱ्या जाऊबाईंनी हल्ली तेच सुरू केलंय.

कसरीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे लोक उगाच पैसे घालवतात. लोकर आणि रेशीम खाणारी कसर वेगळी. साध्या सुती चादरीत तिला रस नसतो. चांदीसारखी चमकणारी, सुळकन पळणारी जी दिसते, तिला हवी असते खळ. तेव्हा खळ दिलेल्या चादरी ठेवणीत टाकू नका, धुऊन ठेवा आणि वापरताना खळ द्या. डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकाच कप्प्यात तर कधीच नको, दोन्ही मिळून ओलसर होतात आणि तेलकट डाग पडतात. लहान बाळाच्या दुपट्यांजवळ डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या पेशी त्यानं फुटतात. मी वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवते, तीस रुपयांत वर्ष निघतं.

तर कुणी काय घ्यावं? भाड्याचं घर असेल, दोन वर्षांत सामान हलवायचं असेल, तर झिपच्या दोन पिशव्या आणि बाकी सगळं अभ्र्यात. स्वतःचा फ्लॅट आणि बॉक्सचा पलंग असेल तर काहीच घेऊ नका. तळाला जुनी चादर अंथरून पांघरुणं तिथेच ठेवा, फक्त पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून तासभर पंखा लावा. तळमजल्याच्या ओलसर घरात बॉक्सच्या प्लायवुडपेक्षा विटांवरची पेटी बरी. पेटी नसेल तर नवी विकत आणायला जाऊ नका. एखाद्या काकूच्या माळ्यावर एक पडून असतेच, आणि ती नेल्याबद्दल काकू वर चहा पाजते.

भाचीनं चौदा चादरींपैकी सहा काढल्या, दोन पिशव्या घेतल्या, आणि उरलेल्या कप्प्यात तिची इस्त्री आणि शिवणाचा डबासुद्धा मावला. अडलं ते एका मिंक ब्लँकेटपाशी. आहेरात आलेलं, वाघाचं चित्र, चांगलं पाच किलो वजन, घरी धुता येत नाही आणि देणारी आत्या महिन्यातून एकदा फ्लॅटवर येते. ते सध्या सोफ्यावर आहे.